एकोणसाठ

फी भरून अपमान करून घ्यायची सोय त्या काळी सोलापुरात एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे आमचा संध्याकाळचा मॅनेजमेंटचा कोर्स. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. पदवी घेऊन नोकरीला चिकटलेल्या माणसांसाठी एका कॉलेजानं तो नव्यानं काढला होता. दोन वर्षांचा, रोज सहा ते साडेआठ. बाकीचे विषय सरळ होते. पण एक विषय होता माहितीच्या व्यवस्थापनाचा, म्हणजे कॉम्प्युटर नावाचं जे यंत्र येऊ घातलं होतं ते कचेऱ्यांत आणि कारखान्यांत कसं राबवायचं त्याचा. आम्ही त्याला मशीनचा विषय म्हणायचो. मशीन मात्र आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते शिकवायला धामणकर सर होते.

सर मुंबईला एका मोठ्या कंपनीच्या मशीन खात्यात बरीच वर्षं काढून आले होते. मुंबई सोडून ते सोलापुरात का आले, याच्यावर आमच्यात दोन तट होते. एक म्हणायचा भांडून आले, दुसरा म्हणायचा हाकलले गेले. मला विचाराल तर तिथल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना गाडीत बसवून दिलं असेल. अंगानं किडकिडीत, ताठ, पांढरा टेरिलिनचा बुशशर्ट, आणि खिशात मशीनला माहिती भरवायची, भोकं पाडलेली चार-पाच कार्डं. मे महिन्यात आम्ही सगळे घामानं निथळत असायचो, आणि हा माणूस मात्र कोरडा ठणठणीत. मिलचा सहाचा भोंगा झाला की ते स्वतः उठून दाराला आतून कडी घालत. मग बाहेर कोणीही येवो, कडी निघायची नाही. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, साहेबानं पावणेसहाला काही टाइपला दिलं की माझा त्या दिवशीचा वर्ग बुडाला म्हणून समजा. दाराबाहेर उभी राहून मी त्यांना किती वेळा शिव्या दिल्या असतील, याची गणतीच नाही.

ते कुणालाही नावानं हाक मारत नसत. नंबरानं मारत. मी सतरा. "कार्डावर नावाला जागा फार लागते, नंबराला लागत नाही," म्हणत. आणि सगळं बोलणं अहो-जाहोत. गाढव म्हणायचं तरी, "अठरा, आपण गाढव आहात, बसा." एखाद्यानं अरे-तुरेत झापलं तर निदान घरचं कुणी बोललं असं वाटतं. या माणसानं झापलं की कचेरीतून मेमो आल्यासारखं वाटायचं.

"कळलं का, असं मी विचारत नाही," ते म्हणायचे. "कळलं नसेल तर परीक्षेत मला कळेल."

पहिल्याच तासाला त्यांनी पवारला उभं केलं. पवार वैरागचा, साधा, लाजाळू, शहरात खोली घेऊन राहिलेला. त्याच्या हातात एक कार्ड देऊन सरांनी विचारलं, "हे काय आहे?"

"कार्ड हाय, सर."

"हाय? कोण गेलं?"

पवार इकडेतिकडे बघायला लागला.

"मराठी गेली असणार," सर म्हणाले. "फार वाईट झालं. शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि सुतक पाळा."

आम्हाला वाटलं, थट्टा आहे. पण पुढचे दहा दिवस पवारला त्यांनी शेवटच्या बाकावर एकटं बसवलं, त्याच्या वह्या हातात घेतल्या नाहीत, आणि अकराव्या दिवशी म्हणाले, "या पुढं. आंघोळ करून आलात ना?" पवारनं त्यानंतर वर्गात तोंड उघडलं नाही. दोन वर्षांत त्याचा आवाज आम्ही परीक्षेच्या तोंडीलाच काय तो ऐकला.

आणि उपाध्ये साहेबांचा चहा. उपाध्ये एका बँकेचे मॅनेजर होते, पंचेचाळिशीचे, टाय बांधून येणारे, वर्गात सगळ्यांत वडील. यंत्राला काम सांगायचं तर एकेक पायरी लिहून द्यावी लागते, हे शिकवताना सरांनी सगळ्यांना चहा करायच्या पायऱ्या लिहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते खरोखरच स्टोव्ह, पातेलं, साखर, चहा पावडर घेऊन आले आणि उपाध्ये साहेबांचा कागद समोर ठेवून, त्यात लिहिलंय तेवढंच करायला लागले. साहेबांनी लिहिलं होतं, 'साखर घालावी.' किती ते लिहिलं नव्हतं. सर घालत राहिले. डबा संपला तेव्हा थांबले. 'गाळावा' हेही लिहायचं राहिलं होतं. तो पाक पावडरीसकट कपात ओतून त्यांनी साहेबांपुढं धरला.

"घ्या. आपलीच आज्ञा आहे."

उपाध्ये साहेबांनी तो कप सगळा प्यायला. मध्ये एकदा त्यांना ठसका लागला. आम्ही पोट धरून हसलो. मीसुद्धा हसले, आणि सगळ्यांत जास्त हसले, कारण त्या दिवशी पाळी माझी नव्हती. आमच्या वर्गाचं असंच होतं. आपली पाळी नाही म्हटल्यावर सर फार विनोदी वाटायचे.

पण एक सांगते, शिकवायचे मात्र बेफाट. इतक्या वर्षांनी आजही मला कुणी एखादं काम सांगितलं की मी आधी मनातल्या मनात त्याच्या पायऱ्या पाडते. कुठं 'किती' राहिलंय, कुठं 'केव्हापर्यंत' राहिलंय ते शोधते. ती सवय त्यांनी लावली. देणं मान्य करावं लागतं, त्याला काय करणार.

आता नरसय्याचं सांगते. त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले, उगाच टाळत होते.

नरसय्या आमच्या वर्गात एकोणीस नंबर. पद्मशाली समाजाचा, पूर्व भागात राहणारा. घरी चादरींचे माग, सकाळी चार वाजल्यापासून दुपारपर्यंत हा मागावर. शाळा तेलुगू माध्यमाची, कॉलेज इंग्रजीतून, आणि डोकं असं की सर फळ्यावर गणित लिहीपर्यंत ह्याचं उत्तर तयार. फक्त एक खोट होती. मराठी आकडे. त्यातही एकोणवाले. तेलुगूत एकोणसाठला म्हणतात याभै तोम्मिदि, म्हणजे पन्नास आणि नऊ, बोलावं तसं लिहावं. आपलं तसं नाही. आपण साठाला एक कमी म्हणतो आणि लिहितो मात्र पन्नाशीतलं. त्याच्या कानावर 'साठ' पडलं की हात सहा लिहून मोकळा व्हायचा, आणि पुढं नऊ. एकोणसाठ म्हटलं की एकोणसत्तर, एकोणपन्नास म्हटलं की एकोणसाठ. शाळेत एकोणीस आणि एकोणतीसच्या गोंधळात किती छड्या खाल्ल्या ते तो हसत हसत सांगायचा.

सरांना ही खोट पहिल्या महिन्यातच सापडली, कारण "एकोणतीस" म्हणून हाक मारली आणि हा उभा राहिला. मग काय, आयतंच कोलीत. तास कंटाळवाणा झाला की सर त्याला फळ्यापाशी बोलावून आकडे सांगायचे, एकोणचाळीस, एकोणऐंशी, एकोणसाठ, भराभर. तो चुकायचा, वर्ग हसायचा. तोही हसायचा. नंतर खाली येऊन मला म्हणायचा, "बाई, तुमची भाषा लई उलटी की ओ. आधी एक कमी करायचं, मग बोलायचं."

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आला, आणि त्याच्याबरोबर एक जागा. शहरातली एक मिल स्वतःचा मशीन विभाग काढणार होती, आणि आमच्या वर्गातला एक जण घ्यायचं त्यांनी सरांना कबूल केलं होतं. एकच. नरसय्याला ती जागा हवी होती, कारण ती मिळाली तर तो मागावरून उठणार होता. त्याच्या घरात मागावरून आजवर कुणी उठलं नव्हतं. आणि मला ती हवी होती, कारण दुसऱ्यांची पत्रं टाइप करून माझी बोटं आणि माझं डोकं दोन्ही बधिर झालं होतं. वर्गात सगळे म्हणत, जागा नरसय्याचीच. मीही तसंच म्हणायचे, तोंडानं.

मिलनं आपलं कामगारांचं रजिस्टर आम्हाला दिलं. टोकन नंबर, खातं, वय, नोकरीची वर्षं, हे सगळं छापील तक्त्यांवर उतरवायचं, ते तक्ते पुण्याला पाठवायचे, तिथं एक कंपनी भाड्यानं कार्डं पाडून मशीनमधून यादी काढून देणार. मिलला पहिली यादी हवी होती ती साठीच्या पुढच्या कामगारांची, त्यांना घरी बसवायला. सरांनी कामं वाटली. वाचणार सतरा, लिहिणार एकोणीस.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं.

नरसय्या हळूच म्हणाला, "बाई, इंग्लिशमधनं वाचा की. मराठी आकडा ऐकला की माझा हात माझं ऐकत न्हाई." मी 'फिफ्टी नाइन' म्हणून सुरुवात केली. सर मागे उभे होते.

"रजिस्टर मराठीत आहे, सतरा. मराठीतच वाचा. मिलमधला कारकून काय याच्यासाठी साहेब होऊन येणार आहे?"

मी मराठीत वाचलं. तीन दिवस वाचलं. नरसय्या प्रत्येक एकोणला थबकायचा, ओठ हलवून मनात उलटंसुलटं करायचा, मग लिहायचा. संध्याकाळ होत आली, घसा दुखायला लागला की माझा वेग वाढायचा. तो "जरा सावकाश" म्हणायचा आणि मी दोन ओळी सावकाश वाचून पुन्हा पळायचे.

रविवारी सरांनी मला तक्ते न्यायला त्यांच्या खोलीवर बोलावलं. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि पुस्तकांनी भरलेल्या दोन पेट्या. ते स्टीलच्या ताटलीत दहीभात खात होते. मला बसा म्हणाले नाहीत, बसायला काही नव्हतंही. "गठ्ठा तिथं आहे. नीट बघून घ्या, कापडात शिवा आणि उद्याच्या पुण्याच्या एसटीनं पार्सल करा," एवढं बोलून पुन्हा भाताकडे वळले.

घरी येऊन गठ्ठा सोडला. वयाच्या रकान्यात मधूनमधून लाल पेन्सिलीचे बारीक ठिपके. पहिला ठिपका एकोणसत्तरवर. दुसरा एकोणपन्नासवर. दुसरं पान, पुन्हा एकोणसत्तर. पाच-सहा पानं पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की सरांनी चुका पकडल्यात आणि दुरुस्त न करता सोडून दिल्यात. एकोणचाळीसचे एकोणपन्नास झाले त्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण एकोणसाठचे एकोणसत्तर झाले ते साठीच्या यादीत जाणार होते.

रबर माझ्या समोर होतं. पेन्सिल होती. रजिस्टर तेवढं वर्गात होतं, पण सोमवारी अर्धा तास आधी गेले असते तर ताडून पाहता आलं असतं. मी स्वतःला सांगितलं, सरांना माहीत आहे म्हणजे सर बघून घेतील. सरांच्या कामात आपण नाक कशाला खुपसा. हे मी स्वतःला सांगितलं, आणि त्याच्या खाली दुसरंही एक होतं: नरसय्याच्या हातून झालेली चूक छापून आली की जागा कुणाची होईल. मी गठ्ठा शिवला आणि पार्सल केला. टाके छान बारीक घातले होते.

यादी आली. सरांनी ती तशीच मिलला दिली. आठवडाभरानं आमचा तास चालू असताना दारावर थाप पडली. कडी घातलेली होती. सर कधी उठत नसत, त्या दिवशी उठले आणि कडी काढली. बाहेर एक म्हातारा उभा. धोतर, टोपी, हातात चप्पल. मिलच्या विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे तिथल्या मागांवरचा मुकादम. नाव मल्लय्या. नरसय्याच्याच गल्लीतला.

"मशीनवाले मास्तर तुमीच का?" त्यानं विचारलं. "मला कामावरनं काढलं बगा. म्हणत्यात, मशीननं तुजं वय एकोणसत्तर काढलंय. मी म्हणालो, एकोणसाठ हाय की ओ, रजिस्टर बगा. तर म्हणत्यात, रजिस्टर माणसानं लिवलंय, मशीन खोटं बोलत न्हाय. मला धरून सात जण हाईत."

सरांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच खरा आनंद पाहिला. ते वळून म्हणाले, "एकोणीस, फळ्यापाशी या. आजोबांचं वय लिहा. एकोणसाठ."

 नरसय्याच्या हातात खडू होता आणि तो मल्लय्याकडे बघत होता. तसाच बघत बघत त्यानं लिहिलं, ६९.

म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. तो पुढं झाला. "न्हाय न्हाय. पाच पायजे. हितं पाच पायजे." आणि बोलता बोलता थांबला. फळ्याकडे पाहिलं, नरसय्याकडे पाहिलं.

"मिळालं उत्तर?" सर म्हणाले. "मशीननं काही केलेलं नाही."

मल्लय्या तेलुगूत काहीतरी बोलला, चारच शब्द. आम्हाला कुणाला कळले नाहीत. नरसय्यानं ते कधी सांगितले नाहीत. म्हातारा गेला, सरांनी कडी घातली आणि राहिलेला तास पुरा केला. विषय होता, माहितीची पडताळणी.

तास संपल्यावर नरसय्या सरांपाशी गेला. मी माझी पिशवी भरत रेंगाळले.

"सर, मिलला एक पत्र द्या की. चूक झाली म्हणून."

"माझी? मी एकही आकडा लिहिलेला नाही. ज्याची चूक त्याचं पत्र."

"मी लिहिलं तर ती जागा..."

"जाईल," सर म्हणाले. "अर्थातच जाईल. म्हणून तर लिहिणं अवघड आहे."

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या कचेरीत आला, हातात कागद. "बाई, टाइप करून द्या. हातानं लिहिलेलं ते मानणार न्हाईत." त्यानं सगळं स्वतःवर घेतलं होतं. आकडे मराठीत सांगितले होते, मला मराठी आकडे नीट येत नाहीत, खालील सात कामगारांचं वय मी चुकीचं लिहिलं. मी टाइप केलं. तीन प्रती काढल्या. त्यात एक ओळ घालता आली असती, की तक्ते पाठवण्याआधी या चुका दोघांना दिसल्या होत्या. माझी बोटं त्या ओळीवरून पुढं गेली. वर त्यानं मला चहा पाजला, आणि मी तो प्यायले.

मिलनं सहा जणांना परत घेतलं. मल्लय्याच्या जागी दुसरा जॉबर नेमून झाला होता, म्हणून त्याला उरलेलं वर्ष फाटकाजवळच्या स्टुलावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासायला. सरांनी नरसय्याला प्रोजेक्टमध्ये शून्य दिलं. त्या शून्यावर तो नापास झाला आणि पुन्हा बसला नाही. मागावरच राहिला. मला पैकीच्या पैकी मिळाले.

जागा मला मिळाली. घरी पेढे वाटले. मिलच्या फाटकातून रोज आत जाताना मल्लय्या माझी पिशवी उघडून बघायचा, डबा, छत्री, आणि परत द्यायचा. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. वर्षभर हे चाललं. मग त्याची साठी झाली आणि तो सुटला, मीही सुटले.

सर त्यानंतर वर्षभरानं सोलापूर सोडून गेले. निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही, कोण करणार होतं. मी भावाला घ्यायला स्टेशनवर गेले होते आणि हे समोर बाकावर, शेजारी त्या दोन पेट्या. मला चुकवता आलं नाही.

"सतरा. नोकरी बरी चालली आहे ना?"

"हो, सर."

"तुम्हाला प्रोजेक्टला पूर्ण गुण दिले होते. का, ते कधी विचारलं नाहीत."

मी भावाची गाडी दिसते का ते बघायला लागले.

"कागदावर तुमची चूक नव्हती," ते म्हणाले. "मी ठिपके दिले आणि तक्ते तुमच्या हातात दिले. नीट बघून घ्या, असं बजावलं होतं. लिहिणारा एकोणीस, तपासणाऱ्या तुम्ही. सोमवारी एसटी सुटेपर्यंत वाट पाहिली, तुम्ही येऊन विचाराल म्हणून. मग लक्षात आलं, तुम्ही माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी आहात."

मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि माझ्याही. गाडी लागली होती, हमालानं पेट्या उचलल्या. मी एवढंच म्हणू शकले, "ते सातही जण परत आले, सर. मल्लय्या धरून."

"सात?" चढता चढता ते वळले. "साठीच्या यादीतले ठिपके आठ होते. सात जण आरडाओरडा करत आले. आठवा आला नाही. असतो एखादा. मशीननं सांगितलं म्हणजे खरंच असेल, असं म्हणून गावाला निघून जातो."

"कोण होता?"

"टोकन नंबर आता लक्षात नाही. रजिस्टर तुमच्याच खात्यात आहे, बघा."

गाडी हलली. ते खिडकीशी बसून रुमालानं बाकाची धूळ पुसत होते, आणि पुन्हा त्यांनी बाहेर पाहिलं नाही. आठवा खरंच होता, की जाता जाता मला टोचून जावं म्हणून त्यांनी तो बनवला, हे मला आजही ठाऊक नाही. मिल बंद पडेपर्यंत मी त्या खात्यात होते. रजिस्टर माझ्या खुर्चीमागच्याच कपाटात होतं, आणि किल्ली माझ्याकडे होती. ते मी एकदाही उघडलं नाही.